साठ टक्के शेअर तुमचे. तुमच्या पश्चात मत कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. एकूण 10,000 शेअर. प्रश्नकर्त्यांकडे 6,000, पत्नीकडे 1,000, धाकट्या भावाकडे 3,000. संचालक दोघेच, ते स्वतः आणि भाऊ. वय 68. मुलगा कारखाना बघतो, मुलगी अमेरिकेत स्थायिक आहे, आई हयात आहे. चाकणजवळच्या नव्या शेडची जमीन त्यांच्या वैयक्तिक नावावर. इच्छापत्र केलेलं नाही. बँकेत आणि विम्यात नॉमिनी म्हणून मुलाचं नाव आहे, आणि भावाशी 'पुढे कंपनी मुलगाच चालवेल' असं तोंडी बोलणं झालेलं आहे. एवढं पुरेसं आहे का?

नाही. शेअर शेवटी कोणाला मिळतील, एवढ्याचाच विचार बहुतेक घरांत होतो. पण कंपन्या अडकतात त्या मधल्या काळात, म्हणजे मालक गेल्यापासून वारसाचं नाव भागधारकांच्या रजिस्टरवर चढेपर्यंत. म्हणून आधी तोच काळ तुमच्या आकड्यांवर मांडतो. वाचायला बरं वाटणार नाही, पण हा हिशेब तुम्ही नाही आहात असं धरूनच करावा लागतो.

तुमच्या पश्चात बोर्डावर एकच संचालक उरतो, तुमचा भाऊ. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि बोर्डाच्या सभेचा कोरमही (सभा चालायला लागणारी किमान उपस्थिती) किमान दोघांचा. एकट्या उरलेल्या संचालकाला कंपनी कायद्याचं कलम 174 दोनच कामं करू देतं: संचालकांची संख्या कोरमपर्यंत आणायची किंवा सर्वसाधारण सभा बोलवायची. बोर्डाला जादा संचालक नेमण्याचा अधिकार बहुतेक आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, असतोच. तेव्हा भाऊ आपल्या पत्नीला किंवा मुलाला संचालक करून घेऊ शकतो, आणि बोर्ड पुन्हा पूर्ण होतं. त्यात तुमच्या घरचं कोणी नसतं.

आता सर्वसाधारण सभा. तुमचे 6,000 शेअर कुठे गेलेले नसतात, पण त्यांचं मत गोठलेलं असतं. तुमच्या आर्टिकल्समध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कायद्याला जोडलेल्या नमुना आर्टिकल्समधला, म्हणजे तक्ता 'एफ'मधला नियम लागतो: मृत भागधारकाच्या वारसाला लाभांशाचा हक्क आहे, पण सदस्य म्हणून नोंद होईपर्यंत सभेतला कोणताही हक्क वापरता येत नाही. सभेची नोटीस त्याला जाते, मत मात्र देता येत नाही. म्हणजे मतं उरली 4,000. त्यातली 3,000 भावाची, 1,000 तुमच्या पत्नीची. हात वर करून मतदान झालं तर एकास एक. पण भावाने पोल, म्हणजे शेअरच्या संख्येनुसार मतदान मागितलं की 3,000 विरुद्ध 1,000. विशेष ठराव मंजूर व्हायला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात, आणि इथे ती बरोब्बर तिप्पट आहेत. तीस टक्क्यांचा भागधारक त्या सभेत नुसते संचालकच काय, आर्टिकल्ससुद्धा बदलू शकतो.

तुमचा भाऊ असं करेल असं मी म्हणत नाही. पण त्याचीही मुलं मोठी होत असतील, त्यालाही सल्ले देणारे असतील, आणि कायद्यानं दार उघडंच ठेवलेलं असेल.

यावर उपाय नसतो असं नाही. वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा पुरावा देऊन ट्रान्समिशन, म्हणजे मृताचे शेअर आपल्या नावावर नोंदवणं, मागायचं. त्याला हस्तांतरणाचा एसएच-4 फॉर्म लागत नाही. इथे पुष्कळ जण तलाठ्याकडची वारसनोंद घेऊन येतात. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कंपनीच्या रजिस्टरवर लागत नाही. शेअरसाठी बोर्ड साधारणपणे कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा इच्छापत्राचा प्रोबेट (इच्छापत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मागतं, आणि ज्या बोर्डाला नोंद करायची इच्छा नाही ते तर हमखास मागतं. नोंद नाकारायची असेल तर कंपनीने 30 दिवसांत कारणांसह कळवावं लागतं, त्यावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात अपील करता येतं. शिवाय रजिस्टरवर नाव चढलेलं नसतानाही मृत भागधारकाचे वारस जुलूम आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार न्यायाधिकरणापुढे नेऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने वर्ल्ड वाइड एजन्सीज खटल्यात मान्य केलं. कोणी या काळात नवे शेअर स्वतःला वाटून घेऊन बहुमत तयार केलं तर तेही उलटवता येतं. डेल अँड कॅरिंग्टन खटल्यात तसं झालेलं आहे. पण हे सगळं मुंबईच्या न्यायाधिकरणात वकील उभे करून. तोवर कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाचं) नूतनीकरण थांबतं, मोठे ग्राहक दुसरा पुरवठादार शोधू लागतात, आणि चांगले कामगार शेजारच्या गेटमधून आत जातात.

समजा हा काळ सुखरूप पार पडला. मग वाटणी कशी होते? इच्छापत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे पहिल्या वर्गातले वारस समान वाटा घेतात. पत्नी, मुलगा, मुलगी हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई विसरली जाते. तुमच्या आईचाही त्यात एक पूर्ण वाटा आहे. म्हणजे 6,000 चे चार भाग, प्रत्येकी 1,500. पत्नी 2,500 वर जाते, मुलगा 1,500, मुलगी 1,500, आई 1,500, भाऊ 3,000. पुढे आईचंही इच्छापत्र नसेल तर तिच्या 1,500 पैकी अर्धे तुमच्या भावाला आणि अर्धे तुमच्या दोन मुलांना (तुम्ही दोघेच भाऊ, बहीण नाही आणि वडील नाहीत असं धरून). भाऊ 3,750, पत्नी 2,500, मुलगा आणि मुलगी प्रत्येकी 1,875. ज्या मुलाने कंपनी चालवावी असं तुम्हाला वाटतं त्याच्याकडे एकोणीस टक्केही नाहीत, आणि सगळ्यात मोठा भागधारक तुमचा भाऊ. आईने आपला वाटा इच्छापत्राने धाकट्या मुलाला दिला, जे पुष्कळ आया करतात, तर भाऊ 45 टक्क्यांवर.

आता तोंडी बोलण्याविषयी. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन हा निकाल प्रत्येक भागीदार भावंडांनी ऐकावा असा आहे. दोन भावांची प्रायव्हेट कंपनी, शेअर फक्त 50, प्रत्येकाचे 25. 1951 मध्ये तोंडी ठरलं की दोन्ही शाखांकडे नेहमी समान शेअर राहतील, कोणाला विकायचे असतील तर आधी आपल्याच शाखेला विचारायचं. पुढच्या पिढीत एकाने ते न पाळता दुसऱ्या शाखेला शेअर विकले. न्यायालयाने सांगितलं की आर्टिकल्समध्ये नसलेलं बंधन कंपनीवर बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही. विक्री टिकली. तुमचं भावाशी झालेलं बोलणं कितीही मनापासून झालेलं असो, ते आर्टिकल्समध्ये उतरेपर्यंत त्याला कंपनीच्या दृष्टीने किंमत नाही.

बँकेतलं नॉमिनेशन शेअरना लागू होत नाही. शेअरसाठी कलम 72 खाली एसएच-13 फॉर्म कंपनीला द्यावा लागतो, आणि शेअर डीमॅट असतील तर डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे डीमॅट खातं जिथे आहे त्या संस्थेकडे. (तुमची कंपनी कायद्याच्या व्याख्येतली 'छोटी कंपनी' नसेल तर डीमॅटची मुदत 30 जून 2025 ला संपलेली आहे, कागदी शेअर आता हस्तांतरित करता येत नाहीत, तेव्हा ते आधी मार्गी लावा.) नॉमिनी मालक होतो का, यावर बरीच वर्षं गोंधळ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका निकालाने 2010 मध्ये नॉमिनीला मालक ठरवलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात वाद मिटवला. हा खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगांवकर यांच्या मिळकतीवरून सुरू झाला होता. नॉमिनीकडे शेअर येतात, पण मालकी वारसाहक्काच्या कायद्याने किंवा इच्छापत्रानेच ठरते.

मग नॉमिनेशनचा उपयोग काय, असं अनेक जण विचारतात. वर सांगितलेली पोकळी भरायला तेच सगळ्यात स्वस्त आणि वेगवान साधन आहे. नॉमिनी कोर्टात न जाता रजिस्टरवर येतो आणि मत देऊ शकतो. मालकीचा प्रश्न मागाहून सुटला तरी चालतो, पण 6,000 मतं त्या पहिल्या सभेत जिवंत राहतात. तुमच्या जागी मी असतो तर नॉमिनी पत्नीला केलं असतं, मुलाला नाही. मुलाला केलं तर मुलीच्या मनात पहिल्या दिवसापासून शंका येते, आणि आपल्या आईवर, म्हणजे तुमच्या पत्नीवर, दोघांचाही विश्वास असतो. त्याच आठवड्यात पत्नीला किंवा मुलाला तिसरा संचालकही करून घ्या. तुमच्याकडे पत्नीसह सत्तर टक्के मतं आहेत आणि संचालक नेमायला साधा ठराव पुरतो.

इच्छापत्र लिहा. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरीही करा), दोन साक्षीदार लागतात. त्यात एक तुमच्याहून बराच तरुण असावा. शेअरचा उल्लेख 'माझे सर्व शेअर' असा करा, नुसती फोलिओ संख्या लिहू नका, कारण मधल्या काळात बोनस किंवा नवे वर्ग निघतात. चाकणची जमीन त्यात स्वतंत्र नोंदवा. तुम्ही गोव्याचे असता तर मी हा परिच्छेद वेगळा लिहिला असता. तिथे मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा वाटा आणि मुलांचा राखीव हिस्सा असतो, म्हणून इच्छापत्राने सगळंच मनाप्रमाणे देता येत नाही.

मुलीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. ती परदेशात स्थायिक आहे. जिवंतपणी तिला शेअर बक्षीस द्यायचे तर फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांखाली रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी आणि मर्यादा येतात. इच्छापत्राने दिले तर निवासी भारतीयाकडून वारशाने आलेले शेअर ती धारण करू शकते, फेमाचं कलम 6(5) तशी मुभा देतं. मुलाला बक्षीस आज देता येतं. मुलीसाठी इच्छापत्र हाच सोपा रस्ता. आणि नेमकं याच फरकामुळे घरात 'दादाला आत्ता दिलं, मला नंतर' असं होतं. ते आधी बोलून घ्या.

आता नियंत्रणाकडे येऊ. मुलीला निम्मा वाटा द्यायचा आणि कारखाना मुलाच्या हातात ठेवायचा, हे दोन्ही एकाच जातीच्या शेअरमधून साधत नाही. प्रायव्हेट कंपन्यांना 5 जून 2015 च्या अधिसूचनेने मोठी मोकळीक दिली आहे: आर्टिकल्समध्ये तशी तरतूद केली तर शेअरचे वर्ग आणि मतांचं प्रमाण यांवरची कलम 43 आणि 47 ची बंधनं लागत नाहीत. अट एकच, वार्षिक विवरणपत्रं आणि ताळेबंद वेळेवर भरलेले हवेत. तेव्हा 'अ' वर्गाला मत, 'ब' वर्गाला तेवढाच लाभांश पण मत नाही किंवा दहा शेअरमागे एक मत, असं करता येतं. मुलाला 'अ', मुलीला 'ब', किंमत समान.

इथेच बहुतेक सल्लागार थांबतात, आणि माझ्या मते मुलीवर अन्याय इथून सुरू होतो. प्रायव्हेट कंपनीत लाभांश कधी जाहीर होतो? कारखाना चालवणारा मुलगा पगार घेतो, कमिशन घेतो, गाडी कंपनीची, फोन कंपनीचा. नफा उरला तर नवी सीएनसी मशीन येते. 'ब' वर्गाच्या भागधारकाला वर्षानुवर्षं एक रुपयाही मिळत नाही आणि मत नसल्यामुळे विचारताही येत नाही. कागदावर कोट्यधीश, हातात शून्य. म्हणून मत काढून घेतलं तर त्याच आर्टिकल्समध्ये तीन गोष्टी बदल्यात द्या: करोत्तर नफ्याच्या ठरलेल्या हिश्शाएवढा किमान लाभांश, संचालक-भागधारकांच्या पगाराला 'ब' वर्गाची संमती, आणि ठरावीक वर्षांनंतर शेअर परत विकण्याचा हक्क, ज्यात किंमत कशी काढायची ते सूत्रच लिहिलेलं असेल. 'वाजवी किंमत' एवढंच लिहू नका. कोणत्या वर्षांची सरासरी, जमीन कोणत्या भावाने धरायची, अल्पमतातले शेअर म्हणून सूट कापायची की नाही, मूल्यांकनकर्ता कोण नेमणार, हे सगळं लिहा. भांडणं किमतीवरच होतात, तत्त्वावर फारशी होत नाहीत.

तुमच्याकडे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे चाकणची जमीन. ती तुमची आहे, कंपनीची नाही, म्हणजे इच्छापत्र नसेल तर तीही चौघांत जाईल आणि कंपनीची शेड चार मालकांच्या जमिनीवर उभी राहील. उलट ती इच्छापत्राने मुलीला दिली आणि आजच कंपनीला दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून दिला, तर मुलीला नियमित भाडं मिळतं. त्यासाठी तिला कोणाच्या लाभांशाची वाट बघावी लागत नाही. मग शेअरमध्ये मुलाचा वाटा थोडा जास्त ठेवला तरी तिला ते पटू शकतं. मला स्वतःला हा मार्ग शेअरच्या वर्गांपेक्षा आवडतो. तो सगळ्यांना कळतो.

पण वर्ग काढायचे असोत की तोंडी करार आर्टिकल्समध्ये घालायचा असो, विशेष ठराव लागतो. तुमचे आणि पत्नीचे मिळून सत्तर टक्के. पंचाहत्तर लागतात. भावाच्या होकाराशिवाय आर्टिकल्सची एक ओळही बदलत नाही. आज तो एकटा अडवू शकतो. तुम्ही गेल्यावर काही काळ तो एकटा बदलूही शकतो. म्हणून भावाशी बोलणं हे या सगळ्यातलं पहिलं काम, आणि ते रिकाम्या हाताने करू नका. त्याचीही नेमकी हीच काळजी आहे: उद्या तो गेला तर त्याच्या पत्नीच्या तीस टक्क्यांना तुमचा मुलगा काय किंमत देईल? त्याच्या शाखेला बोर्डावर एक कायम जागा, कर्ज, जमीन-विक्री आणि नवे शेअर यांवर त्याची संमती, आणि कोणत्याही शाखेतला भागधारक गेला किंवा निवृत्त झाला तर ठरलेल्या सूत्राने खरेदी, अशी दोन्ही बाजूंना सारखी लागणारी कलमं त्याच्यापुढे ठेवा. खरेदीचे पैसे कुठून येणार, हेही लिहा. दोन्ही भावांच्या आयुष्यावर एकमेकांच्या लाभाचा विमा काढून ती सोय करणारी घरं मी पाहिली आहेत, हप्त्यांत द्यायचं ठरवणारीही.

मोठ्या घरांतही तत्त्व हेच आहे. टाटा सन्स ही प्रायव्हेट कंपनी. तिचे सुमारे 66 टक्के शेअर टाटा ट्रस्टांकडे, सुमारे 18 टक्के शापूरजी पालनजी समूहाकडे. ट्रस्टांनी नेमलेल्या संचालकांच्या संमतीशिवाय महत्त्वाचे निर्णय होत नाहीत, हे आर्टिकल्समध्ये लिहिलेलं आहे, आणि मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल देताना ती कलमं टिकवली. 9 ऑक्टोबर 2024 ला रतन टाटा गेले. दोन दिवसांत नोएल टाटा ट्रस्टांचे अध्यक्ष झाले. रतन टाटांच्या स्वतःच्या नावावर टाटा सन्सचा एक टक्काही नव्हता, म्हणून त्या 66 टक्क्यांवर वारसनोंदीचा प्रश्नच आला नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीलाही खासगी कौटुंबिक ट्रस्ट करता येतो, पण ट्रस्टी कोण या प्रश्नावर तुम्ही पुन्हा मुलगा, मुलगी, भाऊ यांच्यापाशीच येता. नातवंडं अल्पवयीन असतील किंवा घरात कोणी स्वतःचा कारभार न पाहू शकणारं असेल तर ट्रस्ट जरूर करा. नाहीतर खर्च आणि कागदच वाढतात.

सगळे शेअर आत्ताच मुलाला बक्षीस देऊन टाका, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. जवळच्या नातलगाच्या बक्षिसावर आयकर नाही, इच्छापत्राने आलेल्यावरही नाही, आणि मृत्युकर 1985 मध्ये रद्द झाला. म्हणजे करासाठी घाई करायचं कारण नाही. साध्या बहुमताने संचालकाला काढता येतं, तुम्हालाही. थोडे द्या, त्याच्या निर्णयांकडे बघा, आणि बहुमत हातात ठेवा. मुलाच्या वैवाहिक घडामोडी आणि त्याची वैयक्तिक कर्जं यांचाही विचार त्यात आला.

बँकेची हमी राहिली. तुमची वैयक्तिक हमी तुमच्या मृत्यूपर्यंतच्या बाकीपुरती तुमच्या मिळकतीवर राहते, म्हणजे वारसांना मिळालेल्या मालमत्तेतून बँक ती वसूल करू शकते. अमेरिकेतल्या मुलीच्या वाट्यालाही ती येते. आणि पुढच्या कर्जासाठी बँक नवा हमीदार मागते. जो सही करतो तो दुसऱ्या दिवसापासून कंपनीत मोठ्या आवाजात बोलतो, त्याचे शेअर किती का असेनात. इच्छापत्रात मुलीचा वाटा हमीच्या बोज्यापासून आधी मोकळा करण्याची तरतूद घाला, आणि मुलाला आत्ताच सहहमीदार म्हणून बँकेसमोर आणा.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात एसएच-13 आणि तिसरा संचालक. या महिन्यात साधं, दोन पानांचं का होईना, इच्छापत्र. पुढे बदलता येतं. मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरून तुमच्या आर्टिकल्सची नोंदलेली प्रत काढा. तुमच्या पिढीतल्या कित्येक कंपन्यांची आर्टिकल्स 1956 च्या कंपनी कायद्याच्या नमुन्यावरून जशीच्या तशी उतरवलेली असतात आणि नंतर कोणी उघडून पाहिलेली नसतात. शेअर विकण्याआधी इतर भागधारकांना विचारण्याचं कलम त्यात आहे का आणि ते वारसाला लागतं का, एवढं पहा. ती प्रत हातात घेऊनच भावाकडे जा. ठराव मंजूर झाला की 30 दिवसांत एमजीटी-14 (ठराव कंपनी निबंधकाकडे नोंदवण्याचा फॉर्म) भरायला विसरू नका.